लाल गाडीची खोड

आंबेनळी घाटाच्या तिसऱ्या वळणावर लाल टू-सीटर आपणहून थांबली आणि तिने एकदा हॉर्न वाजवला.

"बघा काकू, हीच ती खोड," शेजारी बसलेला याकूब मेकॅनिक म्हणाला. "चाळीस वर्षं काकांच्या सवयी उचलत आलीय. मेमरी पुसून कंपनीतून निघाली तशी करू, की नवा मेंदू बसवू? खोड जाईल दोन्हीने."

ऋजुताकाकू उत्तर देणार, तोच वळणावरच्या टपरीवाल्याने खिडकीतून मिरचीभज्यांची गरम प्लेट आत दिली. "एक हॉर्न, एक प्लेट! फार दिवसांनी? काका कुठायत?"

"गेले हो, दिवाळीत."

काकू प्लेटकडे बघतच राहिल्या. नवऱ्याच्या बायपासनंतर बारा वर्षं त्यांनी घरात कढई चढवली नव्हती. त्याला मोह व्हायला नको म्हणून स्वतःही भजं चाखलं नव्हतं. आणि हा माणूस रोज संध्याकाळी 'गाडीला जरा फिरवून आणतो' म्हणून इथे येत होता!

"लबाड कुठला!" म्हणत त्यांनी एक भजं तोंडात टाकलं. मग दुसरं.

"मग काय करू, काकू?"

"पुसायचं काही नाही," काकू बोटं चाटत म्हणाल्या. "फक्त हिला दोनदा हॉर्न वाजवायला शिकव."