डाव्या डोळ्याची परीक्षा

“डाव्या डोळ्याने काम सोडून दिलंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “उजवा एकटाच राबतोय. आळशी डोळा म्हणतात याला.”

सुताराने मान डोलावली. त्याच्याही हाताखाली असा एक जण होता.

“मग लावा की त्याला कामाला.”

“मुलीला पाचव्या-सहाव्या वर्षी आणलं असतंत तर चष्मा आणि उजव्या डोळ्यावर पट्टी, एवढ्यावर भागलं असतं. आता ती अकरा वर्षांची आहे. प्रयत्न करू, पण खोटी आशा दाखवणार नाही. तुमच्याकडे कुणी मुलांचे डोळे तपासत नाही?”

“दरवर्षी तपासतात. माझी सख्खी बहीणच तपासते. आमची पोरगी दरवर्षी पास.”

“मग डोळा झाकल्यावर बोटांच्या फटीतून बघत असेल. मुलं करतात असं.”

स्टुलावर बसून पोरगी पाय हलवत होती. पाय थांबले.

हे सगळं उघडकीला आलं ते एका फळीमुळे. सुताराच्या डोळ्यात भुसा गेला होता, म्हणून त्याने लेकीला फळीची धार सरळ आहे का बघायला सांगितलं. तिने बापासारखाच एक डोळा मिटला. पण तिने मिटला तो उजवा. “बाबा, कुठली फळी?” म्हणाली. सुतार हसला. तिने पुन्हा तेच विचारलं, तेव्हा मात्र त्याचं हसू मावळलं.

परतीच्या बसमध्ये सुतार लेकीकडे वळला.

“फटीतून बघायचीस?”

“नाही.”

“मग पास कशी व्हायचीस?”

“आत्या म्हणायची, बरोबर.”

“म्हणजे आत्या खोटी आणि तू खरी?”

पोरगी खिडकीकडे वळली. खिडकी डावीकडे होती, त्यामुळे तिला पूर्ण मान वळवावी लागली.

सुताराच्या बहिणीला सगळी वस्ती आरोग्यताई म्हणायची. वस्तीत डॉक्टर यायला तयार नव्हता, आणि दवाखाना रिकामा ठेवणं बरं दिसत नव्हतं. म्हणून ताईला शिकवून, पांढरा कोट घालून तिथे बसवलं होतं. ताई होतीही गुणाची. कातडीत रुतलेलं कुसळ ती पोरांचा तळहात नाकाशी धरून अलगद काढायची. रस्त्यात ओळखीचा-अनोळखी जो भेटेल त्याच्याकडे बघून हसायची. इतक्या मोठ्या जागेवर बसूनही गर्व नाही, असं लोक म्हणत.

सुतार थेट दवाखान्यात गेला.

“ताई, पोरीचा डावा डोळा कामातून गेलाय.”

ताई गोळ्यांच्या पुड्या बांधत होती. हात थांबले.

“कोण म्हणतं?”

“मोठ्या दवाखान्यातली डॉक्टरीण. म्हणाली, पोरगी फटीतून बघत असणार.”

ताईने पुडीला शेवटची घडी नीट घातली.

“असेल बाबा. तुझ्यावरच गेलीय. आंधळी कोशिंबीर खेळताना तू कधी धड डोळे झाकलेस?”

सुताराला हसू आलं. मग हसल्याचा राग आला, आणि तो राग सरळ पोरीकडे गेला. आज घरी गेल्यावर तिची खैर नव्हती.

“पण फसवतात कसं, ते मला बघायचंय. माझी परीक्षा घे.”

“तुझी? बरं, बस.”

तक्ता व्हरांड्याच्या एका टोकाला होता, खुर्ची पार दुसऱ्या टोकाला. तक्त्यावर तीन दातांच्या फणीसारखी एकच खूण, वरच्या ओळीत मोठी, खाली बारीक होत गेलेली. फणीचे दात ज्या बाजूला, तिकडे खुर्चीतल्याने मोकळ्या हाताची बोटं करायची. ताई तक्त्याजवळ छडी घेऊन उभी राहिली.

सुताराने तळव्याने डोळा झाकला आणि बोटं सैल करून बघितली. फट पडेना. आंगठा सरकवला, करंगळी उचलली. पोरीने हे कसं जमवलं असेल, या विचारात तो खुर्चीत वळवळत राहिला.

छडी टेकल्याचा आवाज आला.

“बरोबर,” ताई म्हणाली.

सुताराने आपल्या दुसऱ्या हाताकडे बघितलं. तो मांडीवर होता.

छडी खालच्या ओळीवर आली. सुताराने तो हात हळूच पाठीमागे नेला आणि थांबला.

“हेही बरोबर,” ताई हसून म्हणाली. “पुढचं दाखव.”