क्लिपमधला उंदीर

क्लिप छोटीशीच होती. पावांनी भरलेला ट्रे, त्यावरून तुरुतुरु पळणारा उंदीर आणि खाली लाल अक्षरांत बेकरीचं नाव. वर्गात कुणीतरी "ईऽऽ" केलं आणि लगेच जीभ चावली. बेकरीवाल्याची मुलगी तिसऱ्या बाकावरच बसली होती.

क्लिप तिनेच आणली होती. मोबाइलवर आलेलं काहीतरी घेऊन या, खरं की खोटं ते मिळून तपासू, असं बाईंनी सांगितलं होतं. बाकीच्यांनी दोन तोंडांची मांजर वगैरे गमती आणल्या. हिने हे आणलं.

"नक्की दाखवायची होती ना गं तुला?" बाईंनी हळूच विचारलं.

"गिऱ्हाईक फिरकत नाही, बाई. बाबा आता निम्माच मैदा मळतात, तरी पाव उरतात. तपासा."

बाईंनी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला : हे कशावरून?

मग वर्ग कामाला लागला. थांबवा, मागे घ्या, मोठं करा. ट्रेच्या मागे निळ्या फरशा दिसत होत्या. हिच्या बेकरीच्या भिंती नुसत्या चुन्याच्या. "फरशा काय, काढताही येतात," कुणीतरी म्हणालं. ते पटून सगळे पुढे शोधत राहिले. शेवटी शाळेच्या कॉम्प्युटरवर हीच क्लिप सापडली. जुनी, दुसऱ्याच गावची आणि खाली दुसऱ्याच दुकानाचं नाव.

"नाव मागाहून चिकटवलंय!"

वर्गाने बाकं बडवली. बेकरीवाल्याची मुलगी रुमालात तोंड लपवून हसली की रडली, ते कळलं नाही.

तेवढ्यात तिच्याच बाकावरचा हात वर झाला. ही तिची पहिलीपासूनची मैत्रीण. जाड चष्म्याची. वर्ग तिला शंकासूर म्हणायचा.

"बाई, क्लिप खोटी आहे हे कळलं. पण हिच्या बेकरीत उंदीर नाहीत, हे कशावरून?"

बाकं बडवणारे हात थांबले.

"मैत्रीण ना गं तू तिची?" मागून कुणीतरी म्हणालं.

"आहे ना. पण मैत्रिणीला सोडून विचारा, असं फळ्यावर कुठे लिहिलंय?"

'ते आज राहू दे' हे शब्द बाईंच्या ओठांवर आले होते. त्यांनी फळ्याकडे पाहिलं आणि ते गिळले.

बेकरीवाल्याची मुलगी लालबुंद झाली होती. मैत्रिणीकडे न बघता ती म्हणाली, "मला नाही माहीत. भट्टीमागे मी कधी वाकून पाहिलेलं नाही. शाळा सुटल्यावर ये आणि बघ."

शाळा सुटल्यावर निम्मा वर्ग निघाला. मागून बाईही.

एवढी माणसं दारात बघून बेकरीवाल्याचा चेहरा उजळला. "या, या! काय देऊ?" मुलीने कारण सांगितलं, तसा तो उतरला.

"म्हणजे तुझाही माझ्यावर भरवसा नाही?"

"आहे, बाबा. पण मी सांगून कोण ऐकणार? मी तुमचीच. हिला बघू द्या. ही कुणाची भीड धरत नाही. माझीसुद्धा नाही धरली."

तो थोडा वेळ हात पुसत उभा राहिला. हात कोरडे झाले तरी पुसत राहिला. मग त्याने काउंटरची फळी वर उचलली.

मैत्रीण मोबाइलचा टॉर्च लावून जमिनीवर पालथी पडली. मांडण्यांखाली, भट्टीमागे, मैद्याच्या पोत्यांमध्ये. सावकाश, एकही कोपरा न सोडता. डॉक्टर नाडी बघत असावा तसा बेकरीवाला तिच्याकडे बघत होता.

ती उठली तेव्हा चष्म्यासकट पांढरी झाली होती.

"उंदीर नाही. लेंड्या नाहीत. पोतीही कुठे कुरतडलेली नाहीत."

बेकरीवाल्याने श्वास सोडला.

"पण मागच्या दाराखाली फट आहे. माझी दोन बोटं जातात. आज नसेल आला, उद्या येईल."

एवढं झालं होतं, तेवढ्यावर थांबली असती तर काय बिघडलं असतं, असं बाईंच्याही मनात येऊन गेलं.

बेकरीवाला मागच्या दाराशी गेला. गुडघे टेकून त्याने स्वतःची बोटं फटीत घातली. मग उठला, कुठूनशी एक लाकडी पट्टी काढली आणि खिळे ओठांत धरून ठोकायला बसला.

शेवटचा खिळा बसल्यावर त्याने वर पाहिलं.

"इकडे ये, बाळा. आणखी काय दिसलं, सांग."

"मोरीची जाळी अजून बघायची राहिलीय, काका."

ती पुन्हा जमिनीवर पालथी पडली. दप्तर बाजूला टाकून बेकरीवाल्याची मुलगीही तिच्या शेजारी पालथी पडली आणि म्हणाली, "टॉर्च माझ्याकडे दे. तू बघ."