दोन कॅन विहिरीचं पाणी

४०

मनिषने तपासणीची काचनळी उजेडाला धरली. थेंब टाकल्यावर माशांच्या टाकीतलं पाणी पिवळं असायला हवं होतं, नारिंगी झालं होतं. त्याने रंगांच्या तक्त्याशी जुळवून मार्करने टाकीच्या काचेवर आकडा लिहिला, शेजारी तारीख टाकली, ४ डिसेंबर २०१६, आणि स्वयंपाकघराकडे बघून विचारलं, "बारके, माशांना दोनदा घातलंस का खायला?"

"माझ्या घरात एकदा पुरत नाय शेठ," भांडी घासता घासता बारकी म्हणाली. "तुमच्या माशाला दोनदा कशाला घालू?"

टाकीत केशरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या समुद्री माशांची एकच जोडी होती. दोनदा अंडी झाली, दोन्ही खेपेला पिल्लं चौथ्या दिवशी तळाशी सापडली. आता तिसऱ्यांदा दगडाला अंडी चिकटली होती. ही खेप मनिषला जाऊ द्यायची नव्हती.

मासे ज्याच्याकडून आणले, त्या मुंबईच्या दुकानदाराने फोनवर सांगितलं, "नायट्रेट. दिसत नाही, वास येत नाही. मोठ्यांना पचतं. लहान जिवाच्या रक्तात ते प्राणवायूच राहू देत नाही. पाणी बदला."

८०

बदललं. समुद्र समोरच होता, पण बोर्डीच्या किनाऱ्याचं पाणी गढूळ. म्हणून पाकिटातलं मीठ गोड्या पाण्यात कालवायचं. नळाच्या पाण्यात क्लोरीन. मनिषच्या चिकूवाडीच्या उताराखाली बारकीचा पाडा, पाड्याला एक विहीर. बारकीचा जावई जिव्या तिथून रोज दोन कॅन सायकलला अडकवून आणून द्यायचा. पाणी काचेसारखं. अख्खा पाडा तेच प्यायचा.

पाणी बदललं आणि आकडा दुप्पट झाला.

मनिषने गाळणीचा स्पंज धुतला, वाळू उपसली, खाणं निम्म्यावर आणलं. बारकीच्या हातातून खाण्याची डबीही काढून घेतली. ती दुसऱ्या दिवशी उशिरा आली.

"आमच्या लेकीचं, जिवलीचं पोर," तिने न विचारताच सांगितलं. "बावीस दिवसांचं झालं. ओठ निळे पडतात, नखं पण."

"दाखवलंस?"

"दाखवलं. छाती साफ आहे बोलला डॉक्टर. गारठ्यानं असंल. जिवलीला दूधच नाय, डब्याचं पाजतो."

"शेकत जा त्याला," मनिष म्हणाला. त्याचं लक्ष दगडाकडे होतं. अंड्यांतून बारीक चंदेरी डोळे दिसायला लागले होते.

काचेवर न लिहिलेला

सगळं तपासून झालं होतं. मीठ, खाणं, वाळू. राहिला होता कॅन. मनिष स्वतःशीच हसला आणि त्यातलं पाणी नळीत घेतलं.

पाच मिनिटांत ते लालभडक झालं. तक्त्यावरचा शेवटचा चौकोन एकशे साठचा होता. नळी त्याहून लाल होती.

तो खिडकीशी गेला. बाहेर त्याची चिकूची झाडं उतारावर ओळीने उभी होती. दिवाळीआधी त्यांना युरिया घातला होता, सोळा गोणी. पाणी उताराने जातं.

त्याने नळी धुतली. दोनदा धुतली.

५

नळाला गाळायचं मशीन बसलं. रोज थोडं थोडं करून सगळं पाणी बदललं. आकडा खाली आला. अंडी फुटली. चौथा दिवस गेला, पाचवा उजाडला. पापणीच्या केसाएवढी पिल्लं दिव्याखाली अजून पोहत होती.

मनिषने पेढे आणले. पहिला बारकीच्या हातावर ठेवला.

"जिव्याला सांग, उद्यापासून पाणी नको."

"काय झालं शेठ? खराब आहे का?"

मनिष काचेवरचे जुने आकडे पुसत होता. "नाही गं," तो म्हणाला. "आता मशीन लावलंय ना."

"आणि आजचे दोन कॅन?"

"घेऊन जा."

बारकीने पेढा पदराच्या टोकाला बांधला. एक कॅन कमरेवर घेतला, दुसरा हातात.

"बरं झालं," ती म्हणाली. "पोराचं दूध कालवायला विहिरीवरची एक फेरी वाचली."