रिकाम्या खुर्चीची रेष

बाबा गेल्यावर धाकट्या बहिणीने त्यांच्या खोलीचं शूटिंग केलं होतं. पलंग, खिडकी, शेवटी रिकामी खुर्ची. डीव्हीडी करायचं काम दादाकडेच आलं, कारण त्याचा धंदाच तो.

चित्रात जितकी हालचाल, तितका डेटा लागतो आणि कॉम्प्युटरवरची रेष तितकी वर चढते. काहीच हललं नाही, की ती आडवी पडून राहते. पलंगाला, खिडकीला पडून राहिली. खुर्ची आली आणि रेष चढली. दोनदा आखूड, मग एकदा लांब.

"तुझा हात हलला असेल," म्हणत दादाने शूटिंगऐवजी खुर्चीचा एकच फोटो तेवढा वेळ लावला. रेष तश्शीच.

"दादा, बाबांना अशीच धाप लागायची."

"काहीतरीच बोलू नकोस!" त्याने फोटो काढून नुसता काळा पडदा टाकला. रेष सपाट झाली. दोघांच्या जिवात जीव आला.

मग ती पुन्हा चढली.

"कुठलातरी माइक चालू राहिलाय," दादा कसाबसा म्हणाला. "आवाजानेही रेष चढते. आपलाच श्वास पकडतोय मेला. जरा रोखून धर बघू."

दोघांनी श्वास रोखला.

रेषेने मात्र रोखला नाही.