बोट नसलेले थांबाराव

“नाव सांगतात, आडनाव सांगतात, वर कुठे नोकरीला आहेत तेही सांगतात. कोण लक्षात ठेवणार एवढं?” दोरीचा गुंता सोडवता सोडवता पाणकोंबडी थांबाबाईंच्या कानाशी कुरकुरली.

कुरकुर त्या नव्या जोडप्याबद्दल होती. दोघं सकाळपासून धक्क्यावर दिसेल त्याच्याशी हात मिळवत फिरत होती. तळ्याच्या ह्या धक्क्यावर असं कुणी करत नाही. इथे माणूस बोटीच्या नावानं ओळखला जातो. ‘पाणकोंबडी’ बोटीची मालकीण ती पाणकोंबडी, मग एरवी ती बँकेत मॅनेजर का असेना. पलीकडच्या बोटीवरचे आजोबा ‘उद्या बघू’. आणि ‘जरा थांबा’ ह्या छोट्या शिडाच्या बोटीचे मालक थांबाराव, त्यांची बायको थांबाबाई. खरं नाव विचारणं म्हणजे पगार विचारण्यासारखं.

‘जरा थांबा’ आता ह्या नव्या जोडप्यानं विकत घेतली होती. आज कुलपाची किल्ली द्यायची होती. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यानंतर थांबाराव पहिल्यांदाच धक्क्यावर आले होते. डावा हात ऐटीत खिशात होता. घरून निघताना थांबाबाईंनीच तो उचलून खिशात घातला होता.

“तब्येत झकास दिसतेय,” उद्या बघू म्हणाले.

“पुढच्या मोसमात मोठी घ्या,” पाणकोंबडीचा नवरा म्हणाला. “ह्या बोटीत गुडघे पोटाशी घेऊन बसायला लागायचं तुम्हाला.”

“घ्यायची तर दोन शिडांची घ्या,” उद्या बघूंनी भर घातली.

थांबाराव हसत होते. हसताना त्यांचा एक डोळा मिटायचा, ते मात्र पहिल्यापासूनच. थांबाबाईही हसत होत्या. घरी हा माणूस दिवसभर खिडकीकडे तोंड करून बसायचा, विचारलेल्याला नुसती मान हलवायचा. इथे गाडीतून उतरल्यापासून चार वाक्यं बोलला होता. एकदा किल्ली दिली की इथे यायला काही निमित्तच उरणार नव्हतं. हे थांबाबाईंना कालपासून टोचत होतं, पण बोलून दाखवायची छाती होत नव्हती. आणि ह्या माणसांकडे अजून काही मागायचं तरी कुठल्या तोंडानं?

थांबाराव हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा ही सगळी मंडळी त्यांना भेटायला गेली, ती त्यांचं खरं नाव कुणालाच माहीत नसताना. चौकशीच्या खिडकीवर जाऊन “थांबाराव कुठल्या खोलीत?” म्हणून विचारलं. असा पेशंटच नाही म्हटल्यावर उद्या बघूंनी बोटीचं वर्णन करून सांगितलं. खिडकीतली बाई वॉचमनला हाक मारायच्या बेतात होती. शेवटी पाणकोंबडी सरळ वॉर्डात घुसली आणि प्रत्येक खाटेपाशी थांबून, “माफ करा, तुम्ही नाही,” म्हणत पुढे सरकत गेली. थांबाबाई सकाळपासून उपाशी, खुर्चीत बसून होत्या. मान वर केली तर खाटेभोवती ओळखीच्या चेहऱ्यांची गर्दी, डबा, थर्मास, आणि त्यांतल्या एकाचंही नाव त्यांना ठाऊक नाही. जन्मात कुणाला बघून इतकं बरं वाटलं नव्हतं. सख्खा दीर दुसऱ्या दिवशी आला होता.

नवं जोडपं एव्हाना त्यांच्यापर्यंत पोचलं. तरुणानं हात पुढे केला. थांबारावांनी उजवा हात दिला आणि सवयीनं म्हणाले, “आम्ही ‘जरा थांबा’.”

“आता ते आम्ही ना, काका?” मुलगी हसून म्हणाली. बिचारीच्या मनात काही नव्हतं. धक्क्यावरची रीत आजच शिकली होती, ती म्हणून दाखवली, इतकंच.

उद्या बघू आभाळात काहीतरी शोधू लागले. पाणकोंबडीच्या नवऱ्यानं, मघाशी पुसून झालेलं वल्हं पुन्हा पुसायला घेतलं.

“त्यात काय,” तोच म्हणाला, “पुढच्या मोसमात नवीन बोट, नवीन नाव.”

“हो तर. हात काय, व्यायामानं बरा होतोच,” उद्या बघूंनी री ओढली.

“माझ्या मेहुण्याचा झाला की,” मागून आणखी कुणीतरी म्हणालं.

“नाही,” थांबाराव म्हणाले.

आजारापासून त्यांचे शब्द तांदळातले खडे वेचल्यासारखे एकेक करून यायचे. घरी थांबाबाई वाक्य अर्ध्यावरच उचलून पुरं करायच्या. आजही तोंडाशी आलं होतं, पण त्यांनी ओठ दातांखाली धरला. बाकीचेही वाट बघत राहिले. कुणी घाई केली नाही.

“हा हात गेला तो गेला. एका हातानं शीड... धरवत नाही. बोट मी आता नाही चालवणार. कधीच.”

ह्या वेळी कुणाचा मेहुणा मध्ये आला नाही. पाणकोंबडीनं बाकावरचं ओलं शीड उचलून खाली टाकलं आणि साडीच्या पदरानं लाकूड पुसलं. थांबाराव बसले. उजव्या हातानं डावा हात खिशातून बाहेर काढून त्यांनी सगळ्यांदेखत मांडीवर ठेवला.

“पण रविवारी येत जाईन म्हणतो,” ते पाण्याकडे बघत म्हणाले. “चालेल ना? घरी मी नुसता पेशंट असतो.”