बराखीची कडी

"नूतन, आत बिबट्या हाय! उघड!"

नूतन दारापासून मागे सरली. दुपारचं ऊन होतं. कांदा साठवायच्या बराखीला लागूनच ऊस उभा होता आणि पलीकडच्या शेतात तोड सुरू होती. उसाची तोड सुरू झाली की बिबटे वस्तीकडे सरकतात, हे येडगावात लहान मुलालाही ठाऊक आहे. तिने भिंतीच्या लाकडी पट्ट्यांच्या फटीतून आत पाहिलं. कांदा कधीच विकून झाला होता. आत वाळलेली पात, पाण्याची कळशी, न खाल्लेली भाकरी आणि तिचा नवरा रामनाथ. दुसरं काहीच नव्हतं.

"काय बी न्हाय हो तिथं," ती म्हणाली.

"कोपऱ्यात बसलाय! दिसत न्हाय तुला?"

बाहेर बाजेवर रामनाथची आई धोंडाबाई बसल्या होत्या. त्या नाक मुरडून म्हणाल्या, "सकाळी मुंग्या दिसत व्हत्या, आता बिबट्या. सांजच्याला हत्ती दिसंल. दारू बोलतीय ती. कडीला हात लावू नको."

हे सगळं रामनाथनेच ठरवलं होतं. उठल्या उठल्या क्वार्टर लागणारा तो माणूस. मोबाइलवर एका वक्त्याचं भाषण ऐकून पेटला. मनाने ठरवलं की काहीही सुटतं, असं तो वक्ता सांगत होता. गावातली आशाताई स्नेहल मुद्दाम घरी येऊन म्हणाली, "भाऊ, इतक्या वर्षांची दारू अशी एकदम तोडू नका. जिवावर बेततं. दवाखान्यात राहून औषधानं सोडा."

"मी काय येडा हाय का दवाखान्यात पडायला?" रामनाथ हसला. "माझी दारू, मीच सोडणार. कुणाची गरज न्हाय."

मग त्याने खंडोबापुढे बेलभंडारा उचलला आणि दारूला शिवणार नाही अशी शपथ घेतली. बायकोलाही उचलायला लावला. "मी काय बी बोललो तरी उघडायचं न्हाय. शिव्या देईन, रडंन, पाया पडंन. ते माझं बोलणं न्हाय, दारूचं हाय." भंडारा उचलून दिलेला शब्द मोडला तर घरावर संकट येतं, असं नूतन लहानपणापासून ऐकत आली होती. तिने भीत भीत हात पुढे केला. लेकीला, हर्षालीला, ओतूरला आजोळी धाडलं. आणि परवा त्याला बराखीत ठेवून बाहेरून कडी घातली.

तो म्हणाला होता तसंच झालं. आधी शिव्या आल्या. नूतनच्या माहेरच्या सगळ्यांचा उद्धार झाला. मग रडणं आलं. मग, "एकच घोट दे गं, शेवटचा." नूतन पदराचा बोळा तोंडात धरून बसून राहिली. पण आज सकाळपासून काहीतरी वेगळं होतं. त्याच्या हातात तांब्या ठरत नव्हता. अंगातला सदरा घामाने भिजून चिकटला होता. मेलेल्या चुलत्याशी तो गप्पा मारत होता. उघडलं तर तो थेट गुत्त्यावर जाईल, याची तिला भीती होती. नाही उघडलं तर काय होईल, हा विचार ती पुरा करत नव्हती.

आत धाडकन काहीतरी आदळलं. कळशी लवंडली. मग सगळं शांत झालं.

फटीतून त्याची बोटं बाहेर आली.

"नूतन." आवाज अगदी हळू होता. "उघडू नको."

"काय?"

"मघाशी चुकलो मी. दार उघडलंस तर ह्यो तुझ्यावर येईल. तू आईला घे आन् घरात जा. आतून कडी लाव. मी धरतो ह्याला."

शिव्या, रडणं, पाया पडणं, सगळं त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. हे सांगितलं नव्हतं. घोटासाठी तळमळणारा माणूस दार बंद ठेव म्हणत नाही.

तिने कडीला हात घातला. धोंडाबाईंनी तिचं मनगट धरलं.

"भंडारा उचललाय तू! सुटला की परत प्यायला लागंल."

"लागू द्या, आत्या. प्यायला तरी जिता पायजे ना."

धोंडाबाईंची पकड सैल झाली. नूतनने कडी काढली.

रामनाथ दाराकडे पाठ करून उभा होता. दोन्ही हात पसरून, पाय रोवून. त्याच्यासमोरचा कोपरा रिकामा होता. त्या कोपऱ्यावरून त्याची नजर हलत नव्हती. नूतनने त्याच्या ओल्या पाठीवर हात ठेवला.

त्याने मागे वळून पाहिलं नाही.

"आलीस व्हय?" तो पुटपुटला. "मग ऐक. ह्यो मला एकट्याला न्हाय आवरायचा. माणसं बोलव."