धुराचं मशीन

डेंग्यूनं गेलेल्या ऋतिकाचा दहावा होता. पिंड मांडून भावकी भीमेच्या घाटावर कावळ्याची वाट बघत बसली होती, तेवढ्यात फटफटत ग्रामपंचायतीचं धुराचं मशीन आलं. आळीत घरोघर ताप शिरला, तेव्हा याच मशीनसाठी तिच्या आईनं, अनितानं, सरपंचांचा उंबरा झिजवला होता. दर वेळी एकच उत्तर मिळालं, "वहिनी, मशीन बिघडलंय." आज मात्र श्रद्धांजलीच्या भाषणाला पुढारी येणार होते, त्यांना डास चावून कसं चाललं असतं? धुरानं घाट कोंदला आणि लिंबावरचे कावळे ओरडत पैलतीराला उडाले. धूर विरला, पुढारी बोलून गेले, तरी पिंडाला कावळा शिवेना. "पोरीची कायतरी इच्छा राहिली," सरपंच हळहळले. "वहिनी, काय आसंल ते बोला, पिंडापुढं शब्द देतो." अनितानं मशीनकडं बोट केलं. "तिला एवढंच सांगा, आप्पा. मशीन दुरुस्त झालंय, म्हणावं."